कसणाऱ्याची जमीन आणि गावाचा बांध

(बेलपाडा, ता. पनवेल येथील व्याख्यानाचे शब्दांकन)



बेलापूरहून पेंधरकडे जाणारी मेट्रो खारघरमध्ये शिरली की एका स्थानकाच्या फलकावर ‘बेलपाडा’ हे नाव दिसते. १७ नोव्हेंबर २०२३ रोजी हा मार्ग सुरू झाला आणि गावाचे नाव शहराच्या नकाशावर ठळक अक्षरांत आले. स्थानकावर उतरणाऱ्या नव्या रहिवाशाच्या लेखी ते केवळ एका थांब्याचे नाव आहे. या नावाचे एक गाव आहे, कोकणातल्या कोणत्याही गावाप्रमाणे त्यालाही शेतशिवार होते, त्या शिवारावर पिढ्यान्‌पिढ्या भात पिकला, हे त्याला ठाऊक असण्याचे कारण नाही. शिवार गेले, गावठाण उरले आणि नाव स्थानकाला मिळाले. एवढ्या तीन वाक्यांत पनवेल-उरण परिसरातील गावांचा गेल्या अर्धशतकाचा इतिहास सामावतो.

परंतु या इतिहासाला आणखी एक पान आहे आणि ते सहसा उघडले जात नाही. ज्या शासनाने येथील जमीन घेतली, त्याच शासनसंस्थेने त्याआधी जेमतेम तेरा वर्षे ती जमीन कसणाऱ्याच्या हाती दिली होती. देण्याचा कायदा लोकहितासाठी झाला होता आणि घेण्याचे कारणही लोकहित हेच सांगितले गेले. एकाच पिढीने दोन्ही अनुभव घेतले. बापाने कूळ म्हणून राबत असता मालकीचा कागद पाहिला आणि मुलाने त्याच कागदावर भूसंपादनाची नोंद पाहिली. दिलेले टिकले का नाही, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे. त्याचे उत्तर केवळ शासनाला दोष देऊन मिळत नाही. समाजालाही स्वतःकडे पाहावे लागते.

चरीचा संप ते कृषकदिन

आजचा रायगड म्हणजे पूर्वीचा कोलाबा जिल्हा. येथे कोठे खोत होता, कोठे इनामदार, कोठे सावकार. नावे निराळी असली तरी कसणाऱ्याची स्थिती सारखीच होती. उत्पन्नाचा मोठा वाटा खंड म्हणून मालकाच्या खळ्यावर पोहोचवायचा, वर सणावाराच्या भेटी, वेठीची कामे आणि एवढे करूनही पुढच्या वर्षी तीच जमीन हाती राहील याची शाश्वती नाही. मालक आणि कूळ एकाच देवळात जात, एकाच पालखीला खांदा देत. परंतु खळ्यावर ते एकमेकांचे कोणी नसत. हा अन्याय परक्यांनी येऊन केला नव्हता. तो आपल्याच समाजाने आपल्याच माणसांवर केलेला होता, हे स्पष्टपणे मान्य केल्याशिवाय पुढचे काही समजणार नाही.

या अन्यायाविरुद्ध अलिबाग तालुक्यातील चरी येथे १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी संप पुकारला. पंचवीस गावांतील शेतकऱ्यांनी खोतांची जमीन कसण्याचे नाकारले. एक हंगाम नव्हे, दोन नव्हे, १९३९ पर्यंत ती शेते पडीक राहिली. शेतकरी कुटुंबांनी जंगलातील लाकूडफाटा विकून, करवंदे वेचून, मोलमजुरी करून दिवस काढले. परंतु एकानेही फुटून खोताचे शेत केले तर संप मोडेल, हे जाणून गावे एकजुटीने उभी राहिली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर या लढ्याच्या पाठीशी उभे होते. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात खोतीपद्धती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातील शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला. १९३९ च्या कायद्याने कुळाला प्रथमच काही संरक्षण मिळाले, १९४९ मध्ये खोती नष्ट करणारा कायदा झाला आणि १९४८ चा मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन कायदा या सर्वांचा कळस ठरला.

१९५६ मध्ये त्या कायद्यात सुधारणा झाली आणि १ एप्रिल १९५७ हा ‘कृषकदिन’ ठरला. त्या दिवशी जो कूळ म्हणून जमीन कसत होता, तो कायद्याने त्या जमिनीचा खरेदीदार मानला गेला. ही जमीन फुकट मिळाली नव्हती, हे अनेकांच्या स्मरणात नसते. कायम कुळाला वार्षिक खंडाच्या सहापट आणि इतर कुळांना शेतसाऱ्याच्या वीसपटीपासून दोनशेपटीपर्यंत, शेतजमीन न्यायाधिकरण ठरवील ती किंमत मालकाला द्यावी लागे. ती अधिकाधिक बारा वार्षिक हप्त्यांत फेडण्याची मुभा होती. पैसे फिटले की खरेदीचे प्रमाणपत्र मिळे आणि सातबाऱ्यावर कुळाचे नाव मालक म्हणून लागे. ज्याच्या आजोबाने मालकाच्या ओटीवर पाय ठेवला नव्हता, त्याचे नाव सरकारी दप्तरात मालक म्हणून चढले. या एका नोंदीने माणसाची मान किती ताठ झाली, त्याचे मोजमाप कोणत्याही अहवालात सापडणार नाही.

ही सामाजिक क्रांती होती, यात शंका नाही. तरीही ती अपुरी होती. कायदा येणार याची चाहूल लागताच अनेक मालकांनी ‘स्वतः कसण्यासाठी’ जमिनी काढून घेतल्या. अनेक कुळांकडून ‘राजीखुशीने’ सोडपत्रे लिहून घेतली गेली. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे वि. म. दांडेकर आणि गो. ज. खुदानपूर यांनी या कायद्याच्या अंमलबजावणीची जी पाहणी केली, तिचा अहवाल १९५७ साली प्रसिद्ध झाला. कायद्याचे संरक्षण असतानाही कुळांनी मोठ्या प्रमाणावर जमिनी सोडल्याचे त्यातून दिसून आले. कायदा पुस्तकात होता. कूळ मात्र सावकाराच्या वहीत होते. जेथे गाव एक होते तेथे कूळ टिकले आणि जेथे प्रत्येक जण एकटा होता तेथे तो एकेक करून गळाला. चरीचा धडा हाच होता.

जे वाटले गेले नाही

कायद्याने जमीन वाटली. परंतु जमिनीबरोबर असलेल्या दोन गोष्टी वाटल्या गेल्या नाहीत.

पहिली गोष्ट म्हणजे बांध. पनवेलच्या खाडीकाठची शेती ही डोंगरउतारावरच्या शेतीसारखी नव्हे. समुद्राच्या भरतीपासून खाजण राखून, बाहेरचा मोठा बांध घालून, उघाडीतून पावसाचे पाणी सोडून आणि खारे पाणी अडवून येथे भातशेती उभी राहिली. त्या एका बांधामागे शेकडो लहान खाचरे सुरक्षित असत. बांधाला एका ठिकाणी भगदाड पडले तर एकाच शेतकऱ्याचे नुकसान होत नाही. सगळे खाजण खारते आणि पुढे काही वर्षे तेथे भाताचा दाणा येत नाही. पूर्वी या बांधाची जबाबदारी शिलोत्रीदाराकडे किंवा जमीनदाराकडे असे. तो अन्यायी असेल, परंतु बांध फुटला तर त्याचाही खंड बुडे; म्हणून तो बांध राखी आणि राबणारे हात गावाचे असत. कूळकायद्यानंतर खाचरांना मालक मिळाले. बांधाला मात्र मालक उरला नाही. जुना मालक म्हणाला, जमीन माझी नाही तर बांध माझा कसा? नवा मालक म्हणाला, माझी जमीन चार खाचरांची, अख्खा बांध मी एकटा कसा घालू? शासनाने खारभूमीसाठी स्वतंत्र कायदे केले, खाते उभारले. परंतु भरतीची वेळ खात्याच्या मंजुरीसाठी थांबत नाही. ज्या गावांत गावकी बळकट होती, तेथे घरटी एक माणूस टोपली-फावडे घेऊन बांधावर गेला आणि खाजण वाचले. अन्यत्र खारफुटीने शेते गिळली.

दुसरी गोष्ट अधिक वेदनादायक आहे. कूळकायदा कुळासाठी होता. ज्याच्याकडे कूळ म्हणवून घेण्याइतकीही जमीन नव्हती, त्याला या कायद्याने काहीच दिले नाही. खारघरच्या डोंगरापासून कर्जत-पेणपर्यंत पसरलेल्या कातकरी आणि ठाकूर वाड्यांतील वनवासी बांधव शेतावर राबत होता, मिठागरावर राबत होता, वीटभट्टीवर राबत होता. परंतु कोणत्याही सातबाऱ्यावर त्याचे नाव नव्हते. इंग्रजांच्या काळात जंगलखात्याने काही वाड्यांना दळी जमिनी कसायला दिल्या होत्या. त्या वहिवाटीचा हक्क मान्य होण्याचा मार्ग २००६ च्या वनहक्क कायद्याने, म्हणजे कृषकदिनानंतर जवळजवळ अर्ध्या शतकाने, खुला झाला. काल जो कूळ होता तो मालक झाला, ही न्यायाची गोष्ट झाली. परंतु त्या नव्या मालकाने आपल्या शेतावर राबणाऱ्या कातकऱ्याकडे कोणत्या नजरेने पाहिले, हा प्रश्न प्रत्येक गावाने स्वतःला विचारावा असा आहे.

तेरावे वर्ष

बारा हप्त्यांचे गणित पुन्हा मांडून पाहू. १ एप्रिल १९५७ पासून नियमाने हप्ते भरणारे कूळ १९६९ च्या सुमारास ऋणमुक्त होणार. प्रत्यक्षात किमती ठरण्यास अनेक ठिकाणी विलंब झाल्यामुळे कित्येकांचे हप्ते त्यानंतरही चालू होते. नेमक्या त्याच वेळी, १९७० साली, मुंबईचा भार हलका करण्यासाठी खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याचा निर्णय झाला. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील ९५ गावे आणि सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र नव्या शहरासाठी निश्चित झाले. भूसंपादन १८९४ च्या, म्हणजे इंग्रजी अमदानीतील कायद्याने व्हायचे होते. ज्याचा आजोबा खोताच्या दारात उभा होता, तो आता भूसंपादन अधिकाऱ्याच्या दारात उभा राहिला.

येथे विकासाला विरोध करण्याचा हेतू नाही. मुंबईच्या सात बेटांवर देशभरची माणसे कोंबून बसवणे शक्य नव्हते. नवे शहर आवश्यक होते. प्रश्न एवढाच होता की त्या शहराच्या वाढत्या मूल्यात मूळ गावकऱ्याचा वाटा किती? शेताची किंमत शेत म्हणून लावायची आणि तेच शेत भूखंड म्हणून विकायचे, तर मधली वाढ कोणाची? या एका प्रश्नावर दि. बा. पाटील यांनी आपले सार्वजनिक जीवन वाहिले. १९२६ साली जासई येथे जन्मलेला हा शेतकऱ्याचा मुलगा वकील झाला, आमदार झाला, खासदार झाला. परंतु ९५ गावांनी त्यांना आपला माणूस म्हणूनच ओळखले. त्यांचा पक्ष वेगळा होता, विचारांचा पिंड वेगळा होता. तरीही भूमिपुत्रासाठी त्यांनी जे केले, त्याचे ऋण मान्य करण्यात कोणालाही संकोच वाटू नये. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात दास्तान फाटा आणि नवघर येथे आंदोलकांवर गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मे झाले. त्या बलिदानानंतर ‘जमीन गेली, पैसे मिळाले, संबंध संपला’ ही भूमिका शासनाला सोडावी लागली. १९९० साली साडेबारा टक्के योजनेचे तत्त्व मान्य झाले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ जमीनधारकाला मिळावा, हे ते तत्त्व.

हे तत्त्व मोलाचे आहे. पण त्याचे गणित एकदा करून पाहावे. एक एकर म्हणजे चाळीस गुंठे. त्याचे साडेबारा टक्के म्हणजे पाच गुंठे. त्यातून सामाजिक सुविधांसाठी तीस टक्के वजा होतात, म्हणजे हाती साडेतीन गुंठे येतात. जमीन गेली तेव्हा बाप एक होता. भूखंडाची वेळ आली तेव्हा वारस आठ-दहा झाले. साडेतीन गुंठ्यांचे दहा वाटे घालता येत नाहीत. मग वारसा हक्काचे दावे, भाऊबंदकी, मुखत्यारपत्रे आणि अखेरीस भूखंड हाती येण्याआधीच कोणा विकासकाकडून उचल घेऊन केलेला करार. कूळकायद्याच्या वेळी झालेली सोडपत्रे आणि या काळातील करारपत्रे यांची भाषा निराळी असेल, परंतु त्यांमागची असहायता एकच आहे. प्रत्येक जण एकटा होता. बाहेरच्या बांधाला पुन्हा मालक नव्हता.

आयर्लंडचा अनुभव

अशी परीक्षा केवळ आपल्याच वाट्याला आली असे नाही. इंग्रजांच्याच अमलाखाली भरडल्या गेलेल्या आयर्लंडचे उदाहरण येथे उद्‌बोधक ठरेल. तेथेही जमीन परक्या उमरावांची आणि कसणारा आयरिश शेतकरी कूळ. १८७९ साली मेयो परगण्यातून मायकेल डेव्हिट यांनी लँड लीगची चळवळ उभी केली. त्या चळवळीत १८८० साली एका जमीनदाराच्या कारभाऱ्यावर गावांनी असा बहिष्कार घातला की त्याचे शेत कापायला माणूस मिळेना. त्या कारभाऱ्याचे आडनाव बॉयकॉट. तेव्हापासून ‘बॉयकॉट’ हा शब्दच जगभर रूढ झाला. मेयोतील त्या शेतकऱ्याने आणि पन्नास वर्षांनंतर चरीच्या शेतकऱ्याने एकमेकांचे नाव ऐकले नसेल, परंतु दोघांच्या हाती शस्त्र एकच होते.

१८८१ साली तेथे लँड कमिशन स्थापन झाले. प्रारंभी खंड ठरवणारे हे मंडळ पुढे जमीन विकत घेऊन कुळांना देणारे मंडळ बनले. १९०३ च्या विंडहॅम कायद्याने कुळाला जमिनीची किंमत फेडण्यासाठी साडेअडुसष्ट वर्षांची मुदत मिळाली. आपल्याकडच्या बारा हप्त्यांशी तिची तुलना करून पाहावी. स्वातंत्र्यानंतर १९२३ च्या कायद्याने हे काम राष्ट्रीय शासनाने हाती घेतले आणि मोठ्या जमीनदाऱ्या विभागून लहान शेतकऱ्यांना देणे चालू राहिले. ते कमिशन १९९९ साली बरखास्त झाले.

त्या दीर्घ कार्यातील एक प्रसंग येथे विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. डब्लिनजवळच्या मीद परगण्यातील जमीन कसदार; पश्चिमेकडील कॉनेमाराची जमीन खडकाळ. परंतु आयरिश भाषा जिवंत होती ती त्या खडकाळ पश्चिमेत. १९३५ साली कॉनेमारातील २७ कुटुंबांना मीदमधील राथकार्न येथे आणून वसवण्यात आले. प्रत्येकाला सुमारे २२ एकर जमीन मिळाली, शिवाय घर, जनावरे आणि अवजारेही मिळाली. महत्त्वाचे म्हणजे ही कुटुंबे एकाच भागातून, एकाच बोलीची, एकमेकांना ओळखणारी होती. आजूबाजूच्या इंग्रजीभाषक परिसरात त्यांनी आपली भाषा राखली आणि १९६७ साली शासनाने त्या वस्तीला आयरिशभाषक प्रदेश म्हणून अधिकृत मान्यता दिली. दोनच वर्षांनी, १९३७ साली, जवळच गिब्सटाउन येथे दुसरी वसाहत झाली. तेथे निरनिराळ्या परगण्यांतील, निरनिराळ्या बोलींची कुटुंबे एकत्र आणली गेली. जमीन तीच, शासन तेच, धोरणही तेच. परंतु तेथे आयरिश भाषेची पकड राथकार्नसारखी टिकली नाही.

या प्रयोगालाही दुसरी बाजू होती. मीदमधील भूमिहीन मजुरांना प्रश्न पडला की आमच्या परगण्यातली जमीन दूरच्या लोकांना दिली, मग आमचे काय? त्यांचा रोष निराधार नव्हता. जमिनीचे वाटप करणारे शासन कितीही सद्‌हेतूने वागले, तरी जो सर्वांत खाली उभा आहे तो नजरेआड होतो, हे मीदमध्येही घडले आणि पनवेलमध्येही घडले. तेथे मजूर राहिला, येथे कातकरी राहिला.

भूमी आणि भूखंड

राथकार्नने जे दाखवले, ते आपल्या परंपरेला नवीन नाही. ५ सप्टेंबर १६७६ रोजी छत्रपती शिवाजी महाराजांनी प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना पाठवलेले पत्र उपलब्ध आहे. सुभेदाराने गावोगाव फिरावे, कुणबी गोळा करावेत, ज्याला शेत करण्याची ताकद आहे पण बैल नाहीत त्याला बैल द्यावेत, खायला दाणे नाहीत त्याला दाणे द्यावेत आणि पुढे वाढीदिढी न लावता मुद्दल तेवढे हळूहळू उगवून घ्यावे, असा त्या पत्राचा आशय आहे. कोकणच्या मातीत जमीन कशी लावावी याचे हे साडेतीनशे वर्षांपूर्वीचे शासकीय धोरण. जमीन द्यायची तर बैलासह, बियाण्यासह आणि धीर देऊन द्यायची, हे त्या राजाला समजले होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात वतनदारांच्या वृत्तीविषयी जो कठोर इशारा आहे, त्यातूनही हेच दिसते की भूमीवरचा अमर्याद खाजगी अधिकार स्वराज्याला धोक्याचा वाटत होता.

अथर्ववेदातील भूमिसूक्ताने पृथ्वीला माता मानले. मातेला मालक नसतो, पुत्र असतात; आणि पुत्रांना हक्कांच्या आधी कर्तव्ये असतात. पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी एप्रिल १९६५ मध्ये मुंबईतील व्याख्यानांतून एकात्म मानवदर्शन मांडले. व्यक्ती आणि समाज यांच्यात मूलतः संघर्ष नाही, हे त्याचे सूत्र. जमिनीच्या प्रश्नाला ते लावले तर दोन टोके टाळावी लागतात. सर्व भूमी शासनाची मानली की शेतकरी पुन्हा कूळ होतो. फक्त खोताच्या जागी कचेरी येते. सर्व भूमी निव्वळ विक्रीची वस्तू मानली की ज्याची थैली मोठी त्याची जमीन होते.

हे केवळ पोथीतले तत्त्वज्ञान नाही. त्याची किंमतही मोजावी लागली आहे. १९५२ साली राजस्थानात भारतीय जनसंघाचे आठ आमदार निवडून आले. जहागीरदारी नष्ट करण्याच्या प्रश्नावर त्यांपैकी बहुतेक जण जहागीरदारांच्या बाजूने गेले, तेव्हा पक्षाने आमदारांवर पाणी सोडले, धोरण सोडले नाही. पक्षाबरोबर राहिलेल्यांत भैरोंसिंह शेखावत होते. दत्तोपंत ठेंगडी यांनी १९७९ साली भारतीय किसान संघाची स्थापना केली. २०१५ साली भूसंपादन कायद्यातील शेतकऱ्यांच्या संमतीच्या तरतुदी सैल करणारा अध्यादेश आला, तेव्हा केंद्रातील सरकार वैचारिकदृष्ट्या जवळचे असूनही किसान संघाने आपला विरोध नोंदवला. तो अध्यादेश त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संपुष्टात आला. भूमिपुत्राच्या बाजूने बोलताना सत्ता कोणाची आहे हे पाहायचे नसते.

याच रायगड जिल्ह्यातील पेण तालुक्यातले गागोदे हे विनोबा भावे यांचे जन्मगाव. १९५१ मध्ये तेलंगणातील पोचमपल्ली येथे त्यांना शंभर एकरांचे पहिले भूदान मिळाले आणि पुढे देशभर पदयात्रा करून त्यांनी चाळीस लाखांहून अधिक एकरांची दानपत्रे मिळवली. त्यातील पुष्कळ जमीन नापीक निघाली, पुष्कळ वाटलीच गेली नाही. टीकाकारांनी यावर बोट ठेवले ते चूक नव्हते. परंतु विनोबा भूदानावरून ग्रामदानाकडे का वळले, हे पाहिले तर त्यांनाही तेच उमगले होते असे दिसते. एकेका माणसाला एकेक तुकडा देऊन भागत नाही. गाव उभे राहिले तर तुकडा टिकतो.

आजचे कर्तव्य

बेलपाड्यात आज परत वाटायला शेत उरलेले नाही. मग या सर्व विवेचनाचा उपयोग काय, असा प्रश्न कोणी विचारील. उपयोग असा की परीक्षा संपलेली नाही. प्रश्नपत्रिका फक्त बदलली आहे. २०१६ मध्ये पनवेल महानगरपालिका झाली आणि खारघरची ग्रामपंचायत इतिहासजमा झाली. ज्या ग्रामसभेत गाव म्हणून बोलता येत होते, ती राहिली नाही. गावठाणाबाहेर गरजेपोटी बांधलेल्या घरांचा प्रश्न वर्षानुवर्षे रेंगाळला. नवी मुंबई विमानतळासाठी दहा गावे हलली; त्यांच्यासाठी साडेबावीस टक्के विकसित जमिनीचे सूत्र ठरले आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्या विमानतळाचे उद्‌घाटन झाले. साडेबाराचे साडेबावीस झाले, ही संघर्षाची कमाई आहे. परंतु टक्के वाढले म्हणून गाव टिकतेच असे नाही.

पुण्याजवळ हडपसरच्या मगरपट्ट्यात सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी निराळी वाट धरली. आपली सुमारे ४०० एकर जमीन तुकड्यातुकड्यांनी विकण्याऐवजी त्यांनी ती एकत्र केली, स्वतःची कंपनी काढली आणि जमिनीच्या प्रमाणात भागीदार होऊन स्वतःच नगर उभारले. त्यांच्या वाट्याला अनुकूल परिस्थिती होती, नात्यागोत्याची घट्ट वीण होती, योग्य वेळी योग्य नेतृत्व होते. ते सर्वत्र जुळून येईल असे नाही. तरीही मुद्दा उरतोच. तेथे शेतकरी विक्रेता झाला नाही, भागीदार राहिला. साडेतीन गुंठ्यांचे दहा वारस एकत्र आले आणि शेजारच्या साडेतीन गुंठ्यांचे दहा वारसही त्यांना येऊन मिळाले, तर विकासकाशी बोलण्याची रीत बदलते. सहकाराची परंपरा असलेल्या महाराष्ट्रात हे अशक्य मानण्याचे कारण नाही.

म्हणून या गावाने चार साध्या गोष्टी मनावर घ्याव्यात. प्रत्येक घराने आपले जुने सातबारे, फेरफार, खरेदीची प्रमाणपत्रे आणि निवाड्यांच्या प्रती एकत्र करून जपाव्यात. कागद हरवला की हक्कही हरवतो. भावाभावांतील वाद न्यायालयात नेण्यापूर्वी गावच्या जाणत्यांसमोर बसून मिटवावेत. बहिणींचा वाटा कायद्याने मान्य केला आहे. तो सही घेऊन सोडवून घेण्याची रीत बंद व्हावी, कारण कुळाकडून ‘राजीखुशीने’ घेतलेले सोडपत्र आणि बहिणीकडून घेतलेले हक्कसोडपत्र यांत फरक करणे अवघड आहे. आणि डोंगरावरच्या वाडीतील कातकरी बांधवाचा वनहक्काचा दावा प्रलंबित असेल, तर तो मार्गी लावण्यासाठी सातबाऱ्याची भाषा समजणाऱ्या गावकऱ्यानेच पुढे व्हावे. ज्याला एकदा न्याय मिळाला, त्याच्यावर दुसऱ्याला न्याय मिळवून देण्याचे ऋण असते.

खाडीकाठचा जुना शेतकरी आपले खाचर राखण्याआधी बाहेरचा बांध पाहून येई. भरतीच्या रात्री कोणाच्या शेतासमोर भगदाड पडले आहे, हे तो विचारत नसे. कंदील घेऊन निघे. खाजण बुजले, खाचरे गेली, त्यांवर इमारती उभ्या राहिल्या. भरती मात्र येतच राहणार आहे. कधी ती पाण्याची असेल, कधी पैशाची. अशा रात्री कंदील घेऊन घराबाहेर पडणारी माणसे बेलपाड्यात असतील, तर मेट्रोच्या फलकावरचे हे नाव केवळ स्थानकाचे नाव राहणार नाही.